पावलं आणि पंजे

तिसऱ्यानेही नाही म्हटलं तेव्हा गायधनी सरांनी फोन ठेवला आणि यादीतल्या नावावर काट मारली.

इगतपुरीला रेल्वेत असलेल्या समाधानला रजा नव्हती. पिंपळगावच्या ओमला द्राक्षांच्या गाड्या भरायच्या होत्या. मालेगावला फौजदार झालेला बहिरू तर म्हणाला, "सर, माझी शाल आपली पोस्टाने पाठवून द्या." सर हसले खरे, पण आता त्यांना या सगळ्याचा शीण आला होता. तेहेतीस वर्षं पोरांना पळवून गुडघे गेले, आणि आता त्याच पोरांच्या मागे पळायची पाळी.

पण कार्यक्रम व्हायलाच हवा होता. गेल्या वर्षी कुंभमेळ्यासाठी पंचवटीतले रस्ते रुंद झाले आणि शाळेचं मैदान एकदम मोक्याच्या जागी आलं. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब स्पष्टच म्हणाले होते, "मैदानावर दुकानं काढायचा प्रस्ताव आहे. सोमवारी बैठक. तुम्ही सारखं मैदान मैदान करता ना सर, मग दाखवा तरी, या मैदानाने असं काय दिलं!"

म्हणून शनिवारी हा माजी खेळाडूंचा सत्कार. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. मैदान तेवढं वाचावं, मग बाकी काही नको, असं ते केरूला रोज सांगत. केरू म्हणजे शाळेचा शिपाई. मैदानावर फक्की टाकून पांढऱ्या रेघा आखण्यात त्याचीही उमर गेली होती.

चौथा फोन पुण्याला, यशश्रीला. एक्क्याण्णव साली लांब उडीत राज्यात पहिली आलेली पोरगी. सध्या नवऱ्याच्या बांधकामाच्या धंद्याचं ऑफिस बघते, एवढं सरांना कुणाकडून तरी कळलं होतं.

"येते सर," ती लगेच म्हणाली. "शनिवारी ना? नक्की येते."

सरांनी रिसीव्हर ठेवला आणि केरूला स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

शनिवारी यशश्री दोन तास आधीच हजर. सर अजून खुर्च्या लावत होते.

"अगं, कार्यक्रम अकराला आहे."

"माहितीये सर. आधी मैदान बघायचं होतं. नंतर गर्दीत जमणार नाही."

पायरीशी तिने चपला काढल्या आणि अनवाणी मैदानात उतरली. वाळूच्या खड्ड्याकडे न जाता ती थेट रस्त्याकडच्या कुंपणापाशी गेली, कोपऱ्यात टाच टेकवली आणि सावकाश चालू लागली. ओठ हलत होते. पावलं मोजत होती.

सरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. हे त्यांचंच शिकवणं. उडीसाठी किती लांबून धावत यायचं ते टेपने मोजायचं नाही, पावलांनी मोजायचं. उरलेलं अंतर हाताचा पंजा आडवा ठेवून. आणि लगेच वहीत लिहायचं. "टेप हरवते, पाऊल कुठे हरवतं?" असं ते म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची टिंगल व्हायची. पावलं आणि पंजे हे माप सगळ्या नाशकात त्यांच्या विद्यार्थ्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या टोकाला वाकून तिने पंजा टेकवला, पर्समधून छोटी वही काढली आणि लिहिलं.

"किती भरलं?" सरांनी जवळ जाऊन विचारलं.

"एकशे सदतीस पावलं, दोन पंजे."

"अगं बाई, एवढ्या लांबून धावत येऊन विमान उडवणार आहेस का?"

ती हसली. "सवय सर. अजून जात नाही."

मग तिने दुसरी बाजूही मोजली. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, तेही केरूला विचारलं. किती आठवण ठेवावी माणसाने! आपण एवढी वर्षं फुकट नाही घालवली, असं सरांना फार दिवसांनी वाटलं. त्यांनी शेवटी धीर केला.

"यशश्री, एक काम होतं. हे मैदान जायच्या बेतात आहे. तू नानासाहेबांशी जरा बोलशील? तुझा शब्द ते मानतील."

तिने वही मिटून पर्समध्ये ठेवली.

"बोलणार आहेच सर," ती म्हणाली.

सत्काराला ती छान बोलली. या मैदानाचा कोपरा न् कोपरा मला ठाऊक आहे, म्हणाली. गायधनी सरांनी अंदाजावर कधी विसंबू दिलं नाही, म्हणाली. खाली वाकून तिने सरांच्या पायांना हात लावला तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. नंतर ती नानासाहेबांच्या खोलीत गेली आणि चांगली अर्धा तास आत होती.

"सर, पोरीनं काम केलं बघा," केरू खुर्च्या उचलत म्हणाला. "लय गुणाची हाय. मैदान वाचलं."

तिची गाडी गेली आणि नानासाहेबांनी सरांना आत बोलावलं. ते खुशीत होते. चहा मागवला.

"बसा सर, बसा. तुम्ही कार्यक्रम घेतलात ते फार बरं झालं. सोमवारपर्यंत थांबायचीसुद्धा गरज उरली नाही."

सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "मग ठरलं म्हणायचं?"

"ठरलंच. बघा ना तुम्हीच."

नानासाहेबांनी टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. सरांनी चष्मा लावला. नकाशा होता. वहीतून फाडलेल्या पानावर पेन्सिलीने घाईत काढलेला. रस्त्याकडे तोंड करून दुकानांचे चौकोन एकाला एक लागून मांडले होते, आणि त्यांच्याखाली रेघ ओढून लिहिलं होतं: एकशे सदतीस पावलं, दोन पंजे.