प्रेस्टनची पहिली शिकार

“आधी तोंडातलं सँडविच गिळ, मग बोल,” पर्सी गाडी चालवता चालवता म्हणाला. “आणि मराठीत बोल. वसईला आजीला तुझं एक अक्षर कळत नाही.”

प्रेस्टननं गिळलं. “विल इट टेक लाँग, डॅडी? टू डाय?”

“छे रे! एक गोळी, खलास. त्याला कळणार पण नाही.”

“ओह,” प्रेस्टन म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. तोंड एवढंसं झालं.

झालं, पर्सीचं डोकंच सटकलं. दहा वर्षांचा घोडा आणि हे असलं काळीज! म्हणजे बघा ना, तिकडे आखातात, अल रीमला त्यांच्या टॉवरमध्ये सगळे याला फादर प्रेस्टन म्हणायचे. पार्किंगमागे कबूतर मेलं, हा बुटांचा खोका घेऊन हजर. शेजारच्या ऑड्रीचा हॅमस्टर गेला, परत हाच हजर. आइस्क्रीमच्या काड्यांचा क्रॉस करणार, डोळे मिटून प्रार्थना म्हणणार आणि खालच्या वाफ्यात पुरणार. गेल्या महिन्यात बहिणीचं, सोफियाचं, मांजराचं पिल्लू गेलं ना, तेव्हा तर ते याच्याच मांडीवर होतं. पोराच्या मनगटभर ओरखडे, पण यानं शेवटपर्यंत सोडलं नाही त्याला. त्याची आई विल्मा तर रडायलाच लागली. “माझं पोर संत आहे, पर्सी.”

“संत चर्चमध्ये ठेव. मला मुलगा पाहिजे,” पर्सी म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं बॉसला, हम्मादला, शिकारीला हो सांगून टाकलं.

हम्मादचा फार्म अल ऐनच्या पुढे. काळविटं त्याचीच, पाळलेली. फार झाली की थोडी कमी करायची असतात, तेव्हा तो पाहुण्यांना बोलावतो. पर्सीनं ऑफिसमध्ये फुशारक्या मारून ठेवलेल्या, माझ्या पप्पांनी रानडुकरं लोळवलीत वगैरे. खरं तर यानं जन्मात कोंबडीसुद्धा कापली नव्हती.

आणि शिकार कसली हो ती! गाडीचा आवाज आला की ती काळविटं पळायच्या ऐवजी जवळ यायची. त्यांना वाटायचं चारा आला. खाटकाचं दुकान नुसतं, फक्त वर छप्पर नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, थर्मासमध्ये कडक चाय, बाजूला रिकामा आइस बॉक्स. मांस भरायला. शी!

“यल्ला, हीरो!” हम्मादनं बंदूक प्रेस्टनसमोर धरली. “पहला निशाना तुम्हारा.”

प्रेस्टननं दोन्ही हात मागे घेतले. “नो थँक यू, अंकल. इट्स टू फार.”

“टू फार? हबीबी, ये तो सामने खड़ा है! पत्थर मारो तो लगेगा!” हम्माद पोट धरून हसला.

पर्सीचे कान लाल झाले. “लाज आणलीस,” तो दातओठ खात म्हणाला, आणि बंदूक स्वतःच ओढून घेतली.

नेम धरला छातीवर. लागली पोटात.

आता पुढचं ऐकवत नाही असं होतं. काळविटाचे मागचे पाय गेले. पुढच्या पायांवर उठायला बघतंय, उठताना आतलं सगळं बाहेर ओघळतंय, लाल आणि हिरवं. अर्धवट पचलेल्या गवताचा तो आंबूस वास इथपर्यंत. आणि आवाज असा, की कुणी घसा आतून खरवडतंय. माश्या तर लगेच आल्या, जशा वाटच बघत होत्या.

“एक और मारो!” हम्माद ओरडला.

पर्सीच्या हातातून बंदूकच गळली.

“छुरी! हलाल करना है, जल्दी!” म्हणत हम्माद गाडीकडे धावला.

पर्सी वाळूत गुडघ्यांवर बसून ओकला. सकाळचं सँडविच, चहा, सगळं. मान वर केली तर प्रेस्टन निघालेला, सरळ त्या काळविटाकडे.

“प्रेस्टन! शिंगं आहेत त्याला! मागे ये!”

पोरगं थांबलं नाही. काळविटाच्या मानेमागे जाऊन बसलं. अंगातलं जॅकेट काढून त्याच्या तोंडावर, डोळ्यांवर घातलं आणि वाकून त्याला घट्ट मिठी मारली. पर्सीला दिसत होती फक्त त्याची ती इवलीशी पाठ. हळूहळू तो खरवडल्यासारखा आवाज कमी झाला. खुरांनी थोडी वाळू उकरली. मग तीही थांबली.

हम्माद सुरी घेऊन धापा टाकत आला. “मर गया? अब तो हराम हो गया.” मग त्यानं प्रेस्टनकडे बघितलं आणि सुरी हळूच पाठीमागे लपवली. “वल्लाह, पर्सी. ऐसा नरम दिल मैंने नहीं देखा. इसको फिर कभी इधर मत लाना.”

पर्सीला स्वतःचीच किळस आली. बुटावर ओकारी, हाताला बंदुकीचं तेल, आणि याच हातांनी तो या पोराला मर्द बनवायला निघाला होता! तो धावत गेला, त्या घाणीतच बसला आणि प्रेस्टनला छातीशी धरलं.

“चुकलं रे बाबा माझं. परत कधी आणणार नाही. तू आहेस तसाच राहा.”

प्रेस्टन घामानं थबथबला होता. गाल लाल, डोळे चमकत होते. त्यानं एकदा हम्मादकडे बघितलं, डॅडीच्या कानाला तोंड लावलं आणि अंकलला कळू नये म्हणून चक्क मराठीत म्हणाला, “डॅडी, मोठ्याला किती वेळ लागतो! सोफियाचं मांजर तर पटकन थांबलं होतं.”