बिनखुणांचं बोंडलं

लग्नाआधी मुलाची तपासणी करायला कायद्याने बंदी आली, तेव्हापासून मुलगी पाहायला जाताना त्याचं बोंडलं सोबत न्यावं लागे. प्लॅस्टिकच्या बाटलीने दूध प्यालेल्या मुलग्यांना पुढे मूल होत नाही, हे आता साऱ्यांना ठाऊक होतं. तान्हेपणी दूध पाजलेलं चांदीचं बोंडलं हीच काय ती साक्ष उरली होती.

इंदुताईंनी ते मुलीच्या आत्याच्या हातात दिलं. त्यांचा मुलगा शार्दूल तीन महिन्यांचा असताना इंदुताई टायफॉइडने अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि तो बाटलीवर वाढला होता. हे बोंडलं गेल्या मंगळवारी सराफाकडून आणलेलं.

आत्याबाईंचं बोट गुळगुळीत तोटीवरून सावकाश फिरलं, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसं.

“दात उशिरा आले वाटतं तुमच्या मुलाला?”

“हो, जरा उशिराच.” इंदुताई म्हणाल्या.

पुरुषमंडळी ओसरीवर होती. आत्याबाई जवळ सरकल्या. “माझ्या मुलाच्या बोंडल्यावर सराफाने दातांच्या खुणासुद्धा करून दिल्या होत्या,” त्या हलकेच म्हणाल्या. “सुनेच्या माहेरचे अगदी खूश.”

इंदुताईंना क्षणभर हायसं वाटलं. “मग, नातवंडं?”

“अकरा वर्षं झाली. सून अजून स्वतःलाच दोष देते. तिला कोण सांगणार?”

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली आणि नमस्काराला वाकली. इंदुताईंचा हात तिच्या डोक्यावर गेला, पण पुत्रवतीचा आशीर्वाद ओठांवर येईना.

“बस इथे, बाळ,” त्या म्हणाल्या. “आमचा शार्दूल बाटलीवर वाढलाय.”