दुसरा तंबोरा

"एकाच तंबोऱ्यावर मैफल? आपल्या मंडळाची अगदीच रया गेली हो," पुढच्या रांगेतल्या बाई पुटपुटल्या. मागे बसलेल्या हिराताईंनी मान खाली घातली. पुरानंतर दोन वर्षांनी त्या आज पहिल्यांदा गाणं ऐकायला आल्या होत्या.

मध्यंतरात चहाभोवती पुराच्याच गप्पा रंगल्या. "आमचा फ्रीज तरंगत शेजाऱ्यांकडे गेला, अजून परत देत नाहीत मेले!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मंडळाच्या दुसऱ्या तंबोऱ्याचा विषय मात्र जो तो टाळत होता.

तो वाचवायला हिराताई गुडघाभर पाण्यातून मंडळाच्या खोलीवर गेल्या होत्या. परतताना लोंढ्यात पाय निसटले, तेव्हा तंबोऱ्याच्या भोपळ्याला मिठी मारून त्या तासभर तरंगत राहिल्या. होडीवाल्यांनी ओढून घेताना भोपळा फुटला. मंडळ काढणाऱ्या अण्णांच्या गुरूंचा तंबोरा होता तो.

आज अण्णाच त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. "माझ्या हातून फुटला, अण्णा. माफ करा," हिराताई कशाबशा म्हणाल्या.

"वेडी की काय तू!" ऐंशीच्या अण्णांनी कप त्यांच्या हातात ठेवला. "दोन वर्षं रोज त्या तंबोऱ्याचे आभार मानतोय मी. तुला तेवढं सांगायचं राहिलं."