समोरचा कॅमेरा

"शिडी घट्ट धरा काका. मी पडलो तर तुमच्या कॅमेऱ्यात तेही यायचं नाही," कॅमेरेवाला वरून म्हणाला.

खाली धाकटा शिडी धरून उभा होता. धाकटा म्हणजे पासष्टीचा, पोस्टातून निवृत्त. धाकटा फक्त थोरल्याच्या मानाने. मधला अरुंद बोळ ओलांडला की समोर थोरल्याचं घर.

"जरा काही हललं की हा कॅमेरा मोबाइल बोंबलवतो, दिवसातून दोनशेदा," धाकटा म्हणाला. "उघडून बघावं तर माणूस नाही, कुत्रं नाही. तोच करतोय मुद्दाम. खडे मारत असणार."

कॅमेरेवाल्याने खिशातून फडकं काढलं. वीस वर्षांच्या धंद्यात त्याला एवढं कळलं होतं, की चोर फार थोड्या घरांत शिरतात. मूर्खपणा मात्र बहुतेक घरांत आधीपासून मुक्कामाला असतो. त्याने काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसलं. सेन्सिटिव्हिटी कमी केली. दोरीवर फडफडणारा टॉवेल काढायला लावला. मोबाइल वाजतच राहिला.

भाऊ भाऊ भांडले होते ते बोळात स्कूटर कुणी लावायची यावरून. सहा वर्षं झाली. स्कूटर केव्हाच भंगारात गेली, भांडण अजून पहिल्या किकला चालू व्हायचं. बोळाकडच्या खिडक्यांना दोघांनी पत्रे ठोकले. समोरासमोर आले तर दोघं मान खाली घालून जायचे. आणि थोरल्याने आयुष्यभर चष्मे विकून अख्ख्या गावाची नजर सुधारलेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग त्याने मान वळवून हलेल त्याचा माग काढणारा कॅमेरा बसवला. आठवड्याच्या आत धाकट्यालाही अगदी तोच हवा झाला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. कॅमेरेवाल्याने दोन्ही हसत हसत बसवून दिले होते.

एवढ्यात थोरला पेपर उचलायला व्हरांड्यात आला. त्याच्या कॅमेऱ्याने मान वळवली. ती हललेली मान बघून धाकट्याचा कॅमेरा वळला. तो वळला म्हणून थोरल्याचा पुन्हा वळला. थोरला पेपर घेऊन आत गेला, तरी दोन्ही यंत्रं एकमेकांकडे बघून माना डोलावत राहिली, लग्नात रुसून बसलेल्या दोन व्याह्यांसारखी.

कॅमेरेवाल्याला असं हसू फुटलं, की शिडी डुगडुगायला लागली.

"चोर सापडला हो!" तो मुद्दामच मोठ्याने ओरडला. थोरला पुन्हा बाहेर आला. "यांचा कॅमेरा तुमच्या कॅमेऱ्यावर पाळत ठेवतोय, तुमचा यांच्या. कुणीतरी एकाने काढा, दोघांच्या डोक्याचा ताप जाईल. बोला, कोण काढतंय?"

"आधी त्याला काढायला सांगा," थोरला छपराकडे बघत म्हणाला.

"मेलो तरी काढणार नाही म्हणावं," धाकटा गटाराकडे बघत म्हणाला.

कॅमेरेवाल्याने दोघांना कोपरापासून हात जोडले. मग दोघांचे मोबाइल मागून घेतले आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या नजरेतून समोरचा व्हरांडाच, तिथल्या कॅमेऱ्यासकट, वगळून टाकला. आता तिथे हत्ती नाचला असता तरी अलर्ट आला नसता. काय केलं ते त्याने सांगितलंही नाही. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

चौथ्या दिवशी दुकानाचं शटर वर केलं, तर धाकटा पायरीवर बसलेला. दाढी वाढलेली.

"बिघडवलात तुम्ही कॅमेरा."

कॅमेरेवाल्याने मोबाइल घेऊन तपासलं. दूधवाला आला होता, कुरियरवाला आला होता, एक मांजरसुद्धा रीतसर नोंदलं गेलं होतं.

"ठणठणीत आहे की!"

"समोरचं काही येत नाही."

"मग तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

धाकटा काउंटरवरची वायर बोटाला गुंडाळत राहिला. "सकाळी सातला वाजायचा," तो म्हणाला. "पेपर घ्यायला येतो तो. अकराला कपडे वाळत घालायला. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडला होता म्हणे." मग एकदम त्याचा आवाज चढला. "तीन दिवस वाजलाच नाही, म्हणजे माणसाने काय समजायचं?"

"अहो, मग मोबाइल उघडून समोर बघायचं. चित्र तर केव्हाही दिसतं."

"आपणहून?" धाकटा भडकला. "आपणहून बघायला मी काय त्याच्या मागे लागलोय?"

असल्या माणसांसाठी कॅमेरेवाल्याकडे ठेवणीतली दहा वाक्यं होती. त्यातलं एकही त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. तो वगळलेला व्हरांडा परत आत घ्यायला लागला.

तेवढ्यात पायरीवर सावली पडली. थोरला आला होता. धापा टाकत होता, हातात मोबाइल.

धाकट्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं आणि तो मटकन स्टुलावर बसला.

"तुमची काय तक्रार?" कॅमेरेवाल्याने विचारलं.

थोरल्याने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. काउंटरवर धाकट्याचा मोबाइल उघडा पडला होता आणि त्यात थोरल्याचाच व्हरांडा दिसत होता, दोरीवरच्या बनियनसकट. थोरल्याने वाकून ते नीट पाहिलं. मग त्याने आपला मोबाइल त्या मोबाइलशेजारी ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मधे कुणालाही न घालता तो भावाशी बोलला.

"तीन दिवस वाजला नाही रे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू बघायचं सोडलंस."