सोबतीला कोण

गिल-जा वॉर्डच्या दाराशी पोचली, तेव्हा तिच्या मुलीचे केस कुणी दुसरीच धूत होती.

मिरान खाटेवर आडवी होती, डोकं कडेबाहेर काढून. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. आखूड केसांची, रुंद खांद्यांची एक बाई तिच्या मानेखाली एक हात धरून दुसऱ्या हाताने मगातलं पाणी सोडत होती, अगदी थोडंथोडं. एक थेंबही मिरानच्या डोळ्यात जात नव्हता.

ही ह्यो-जू. गिल-जाने तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. पाच वर्षांपूर्वी मिरानने घरी सांगून टाकलं होतं की आपण लग्न करणार नाही, कुणाबरोबर फिरणारही नाही, आपल्या जगण्यात पुरुष नको. चिडून नव्हे, जेवताना मीठ मागावं तसं. त्या दिवसापासून, मिरानच्या फोनवरच्या बोलण्यात सारखं येणारं हे एकच नाव गिल-जाने मनात धरून ठेवलं होतं. हिनेच माझ्या पोरीचं डोकं फिरवलं.

पाय मोडल्याला चार दिवस झाले होते. ऑपरेशनही उरकलं होतं. आईला कळलं ते काल. येऊ नकोस, लसणाची काढणी चाललीय ना, इथे माझी माणसं आहेत, असं मिरान फोनवर म्हणाली होती. ‘माझी माणसं’ हे दोन शब्द गिल-जाला गावापासून तेगू शहरापर्यंत बसमध्ये टोचत राहिले.

नर्सने तिला दारातच थांबवलं. पेशंटजवळ एकच माणूस, असा नियम होता, आणि सोबतीचा पास ह्यो-जूच्या गळ्यात होता. गिल-जा भांडायच्या तयारीनेच आली होती. पण ह्यो-जूने हात पुसले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि पास काढून दोन्ही हातांनी तिच्या गळ्यात घातला.

“बसा, आई. तुमची वाट बघत होती ती. मी खाली आहे.”

गिल-जाने गाठोडं सोडलं. काळ्या तिळांची पेज अजून कोमट होती. मिरानने वाडगाभर खाल्ली आणि आणखी मागितली. काढणीला माणसं किती आली, एवढं मिरानने विचारलं. अकरा, असं गिल-जाने सांगितलं.

शेजारच्या खाटेवर एक पन्नाशीची बाई होती, खुब्याचं हाड मोडलेली. तिच्या सोबतीला नवरा होता. खाटेखालून ओढलेल्या बुटक्या बाकावर तो गाढ झोपला होता, छातीवर ठेवलेल्या फोनवर बेसबॉलची मॅच तशीच चालू. बाईने सलाइनचा हात सांभाळत, दात आवळत, आपल्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि वाकून त्याच्या अंगावर टाकलं. मग गिल-जाकडे बघून ओशाळं हसली.

“तुमची मुलगी नशिबाची,” ती म्हणाली. “रोज नवी पोरगी येते तिच्याकडे. काल एकीने माझीसुद्धा वेणी घालून दिली.”

मिरानचे केस अजून ओले होते. गिल-जाने टॉवेल घेतला आणि ते पुसत बसली, लागत होतं त्याहून जास्त वेळ.

परतीच्या बसची वेळ झाली तशी ती पास परत द्यायला खाली उतरली. ह्यो-जू बाकावर बसून डब्यातली किंबापचा, समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचा, शेवटचा तुकडा खात होती. घाईघाईने गिळून ती उठली. गिल-जाने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

तुम्ही किती जणी, असं तिने विचारलं. सात, ह्यो-जू म्हणाली. एकाच इमारतीत राहतो. एक बस चालवते, एकीची बेकरी आहे, मी पोहायला शिकवते. सगळ्यांच्या दारांच्या कुलपांचे नंबर सगळ्यांना पाठ. कुणी आजारी पडलं की सोबतीचे वार ठरलेले असतात, त्यावरून वाद होत नाही.

गिल-जाने मान हलवली.

“माझं पित्ताशय काढलं तेव्हा मिरानचे बाबा एकदाच आले होते,” ती म्हणाली. “वॉशिंग मशीन कसं लावायचं ते विचारायला. पाचव्या दिवशी मी घरी गेले. तेव्हाही काढणीच होती. बसमधून उतरले ती सरळ चुलीपाशी. अकरा माणसांचा भात.”

ह्यो-जू ऐकत राहिली. तिने नवल केलं नाही की कीव केली नाही.

“फार केलंस पोरी तिचं,” गिल-जा म्हणाली. “मी तुला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि तू तिच्या डोळ्यात साबण जाऊ देत नव्हतीस.” तिने गळ्यातला पास काढला आणि दोन्ही हातांनी ह्यो-जूच्या गळ्यात घातला. पट्टी कॉलरखाली नीट बसवली.

मग उठली, दाराकडे चार पावलं गेली आणि मागे वळली.

“लग्न झालेली बाई चालते का गं तुमच्यात?”

ह्यो-जू हसली नाही. तिने फोन काढला, वारांची यादी उघडली.

“चालते. नाव सांगा.”

“मिरानची आई, असं लिही ना.”

“ते मला माहीत आहे,” ह्यो-जू म्हणाली. “तुमचं नाव सांगा.”