उंबऱ्याबाहेरचा

ब्रह्मदेशाच्या लढाईत लेक केरबा पडल्याची तार आली, आणि रंगूबाईनं दुपारच्या गाडीला भाकरतुकडा घेऊन दारात उभं राहणं सोडलं. पुढं ताकारी टेशनाला लागून असलेली लेकाची खोलीही, जिच्या दारात ती उभी राहायची, तिनं भाड्यानं दिली. पण भाडेकरू टिकेना. दोघं महिन्याच्या आत निघून गेले. दोघांची तक्रार एकच. दुपारची गाडी येऊन गेली की दाराची कडी वाजते, आणि उघडावं तर बाहेर कुणी नसतं.

"वाऱ्यानं वाजत असंल," म्हणून तिनं ते कानाआड केलं.

तिसरा भाडेकरू जतकडचा, जोतीराम नावाचा, रेल्वेत मजुरीच्या कामाला नवाच लागलेला खलाशी. भर दुपारी वळकटी काखेत मारून आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ये की बाबा आत. खोली झाडून ठेवलीया."

"मावशी, आधी भाकरतुकडा ओवाळा."

रंगूबाईला हसू आलं. "भाडेकरूला कुणी ओवाळतं व्हय रं? ते घरच्या माणसाला, लांबनं आल्यावर."

"मला न्हाई, मावशी." जोतीरामनं मागच्या मोकळ्या पायरीकडं बोट केलं. "ह्ये फौजी टेशनापासनं माझ्यासंगं आल्यात. आत चला म्हटलं, तर म्हणत्यात, आईनं तुकडा ओवाळल्याबिगर पाय आत टाकायचा न्हाई. दोन म्हैनं झालं, रोज कडी वाजवतोय, पर दार कुणीतरी परकंच उघडतंय."