रंगुबाईंचा नवस

"काढाच ती तांबी," असं म्हणून मयूरी दवाखान्यातल्या टेबलावर आडवी झाली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

त्र्याण्णव साली मुलगी सई झाली, तेव्हाच तिने गुपचूप तांबी बसवून घेतली होती. नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना, म्हणजे रंगुबाईंना, सांगितलं नव्हतं. त्यांनी तर सांगलीच्या गणपतीला नवस बोलला होता. नातू होईपर्यंत दर संकष्टीला सुनेला घेऊन दर्शनाला येईन! सासरे तात्याबा घरातल्या बायकांना पलूसच्या बाजारालाही सोडायचे नाहीत, पण देवाच्या कामाला नको म्हणायची त्यांची काय बिशाद? तीन वर्षं सासू-सून एसटीने येत होत्या. आधी दर्शन, मग पेठेत फेरी, कधी सिनेमा, आणि उपासाला चालतं म्हणून आइस्क्रीम. पण देवापुढे डोळे मिटून पुटपुटणारी सासू पाहिली की मयूरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज बांगड्या भरायचं निमित्त करून ती इकडे सटकली होती.

"आतलं अस्तर बिघडलं नसंल न्हवं?" तिने विचारलं.

"बिघडत नाही गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या अस्तरात कुठली जनुकं जागी राहायची, कुठली निजायची, हे ठरलेलं असतं. तांबीनं त्यात फरक पडतो, गर्भ रुजायला अस्तर तयार होत नाही. काढली की हळूहळू सगळं पहिल्यासारखं."

तेवढ्यात पडदा सरकला. दारात रंगुबाई! मागोमाग आल्या होत्या.

"थांबा बाई! हात लावू नगा तिला."

मयूरीने टेबलावरून उडी मारून त्यांचे पायच धरले. "आत्ती, चुकलं माजं. मी फसवलं तुमास्नी."

"ऊठ. तांबी बसवणारी नर्स माज्या मावसबहिणीची लेक हाय. त्याच सांजेला कळलंय मला," रंगुबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. "तुला पोर पायजे असंल तर खुशाल काढ. माज्यासाठी काढू नगंस."

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "अहो, सगळं ठाऊक होतं, तर नवस कशाला बोललात?"

"लगीन झाल्यापास्नं मालकांनी मला गावाभाईर न्हेलं ते निस्तं मयतालाच," रंगुबाई म्हणाल्या. "तांबी पक्की बसलीया म्हनली ती पोरगी, मगच बोलले मी नवस!"